गुळाची ऑनलाइन प्रसिद्धी: एजन्सीला पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

कोल्हापूर जिल्ह्यात दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर गुळाचे सौदे निघतात आणि गुऱ्हाळे धडाक्यात सुरू होतात. अलीकडे याच काळात गुऱ्हाळमालकांना आणखी एक फोन येऊ लागला आहे. "तुमचा गूळ गूगलवर एक नंबरला आणून देतो, महिन्याला इतके हजार" असा तो प्रस्ताव असतो. बियाणे, खत, औषध यांबाबत सल्ला विचारणारे शेतकरी आता या प्रस्तावाबद्दलही विचारू लागले आहेत. खर्च मोठा असतो, करार वर्षभराचा असतो आणि फसगत झाल्याचे हंगाम संपल्यावर कळते. म्हणून खताची पिशवी घेताना आपण जसे लेबल वाचतो, तसा हा प्रस्ताव कसा वाचावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

ठळक मुद्दे
• गूगलच्या नैसर्गिक निकालात पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही.
• क्रमांक, लाइक आणि फॉलोअर म्हणजे उत्पादन नव्हे. एका ऑर्डरमागे किती खर्च झाला आणि ग्राहक परत आला का, हे मोजावे.
• जाहिरातीतील खोट्या दाव्याची जबाबदारी उत्पादकावरही येते.
• वेबसाइट, खाती आणि ग्राहकांची यादी उत्पादकाच्याच नावावर व ताब्यात असावी.

शोध कसा चालतो?

गूगल इंटरनेटवरील पाने वाचून त्यांची सूची तयार ठेवते. कोणी शब्द टाइप केला की त्या सूचीतून उपयुक्त वाटणारी पाने क्रमाने दाखवते. हा क्रम पैसे देऊन विकत घेता येत नाही. आपले पान गूगलला नीट वाचता यावे आणि शोधणाऱ्याला उपयोगी वाटावे यासाठी केलेल्या कामाला एसईओ म्हणतात.

याच निकालांच्या वर-खाली 'प्रायोजित' अशी खूण असलेल्या जाहिराती दिसतात. त्या मात्र पैसे भरून लावल्या जातात आणि पैसे थांबले की दिसेनाशा होतात. काही एजन्सी जाहिरात लावतात आणि ग्राहकाला 'एसईओमुळे वर आलात' असे सांगतात. त्यामुळे दाखवलेल्या निकालावर 'प्रायोजित' ही खूण आहे का, हे प्रथम पाहावे.

हा फरक शेतीच्या भाषेत सांगायचा तर जाहिरात म्हणजे टँकरचे पाणी आणि एसईओ म्हणजे जमिनीचा पोत सुधारणे. टँकर आज भिजवतो. पोत सुधारायला काही महिने लागतात, पण तो टिकतो. गरजेनुसार दोन्हींचा उपयोग आहे. मात्र टँकरचे पाणी विहिरीचे म्हणून विकले जात असेल, तर ती फसवणूक आहे.

एजन्सीची आश्वासने आणि वस्तुस्थिती

१) "पहिल्या क्रमांकाची गॅरंटी": अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. 'गूगलशी आमचे खास संबंध आहेत' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

२) "मेटा कीवर्ड भरून देतो": पानाच्या आत लपवून ठेवण्याच्या या शब्दांचा क्रमवारीसाठी उपयोग करत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. आजही ते काम दरपत्रकात दिसले, तर ती ओळ खोडायला सांगावी.

३) "हजार बॅकलिंक": दुसऱ्या संकेतस्थळाने आपल्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे बॅकलिंक. खरोखर उल्लेख झाला तर फायदा होतो. क्रम वाढवण्यासाठी विकत घेतलेले दुवे मात्र गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. त्यामुळे पान खाली जाऊ शकते किंवा निकालातून गायबही होऊ शकते.

४) "दर महिन्याला वीस लेख": 'गुळाचे २५ फायदे' यासारखे लेख हजारो संकेतस्थळांवर आधीच आहेत. वाचकाच्या उपयोगाचा विचार न करता घाऊक प्रमाणात तयार केलेल्या पानांविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतात काही प्रश्नांची तयार उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने निकालाच्या वरच दाखवली जाऊ लागली. वाचकाला सर्वसाधारण माहिती तिथेच मिळाली की तो पुढचे पान उघडतच नाही. त्यामुळे अशा लेखांची किंमत पूर्वीपेक्षा घटली आहे.

५) "पन्नास पाच-तारांकित रिव्ह्यू": खोटे किंवा मोबदला देऊन लिहून घेतलेले अभिप्राय गूगलच्या धोरणात बसत नाहीत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. गुळाच्या पेटीत 'रिव्ह्यू लिहा, सूट मिळवा' अशी चिठ्ठी टाकणेही टाळावे.

अहवाल कसा वाचावा?

मागील हंगामात करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळमालकाने मला एजन्सीचा मासिक अहवाल दाखवला. त्यात १४ पैकी ११ शब्दांवर त्यांचे पान पहिल्या क्रमांकावर असल्याचे लिहिले होते. त्यांचा प्रश्न साधा होता: "सायेब, एक नंबरला आलोय म्हणत्यात, मग फोन का येईना झालाय?"

आम्ही ते अकरा शब्द एकेक करून पाहिले. बहुतेकांत त्यांच्या गुऱ्हाळाचे नाव आणि गावाचे नाव एकत्र होते. ज्याला गुऱ्हाळ आधीच माहीत आहे, तोच असे नाव टाइप करणार, आणि या नावाचे दुसरे पानच नसल्याने पहिला क्रमांक आपोआप मिळणार. आपल्याच बांधावर शर्यत लावून पहिले येण्यासारखा हा प्रकार होता. त्यानंतर ऑर्डरची वही काढली. त्या महिन्यात आलेले नवे ग्राहक बहुतेक जुन्या ग्राहकांच्या ओळखीतून आले होते. एजन्सीने आकडे खोटे दिले नव्हते, पण निरुपयोगी दिले होते.

यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.
• गूगल सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे. लोकांनी कोणते शब्द टाइप केले, आपले पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी उघडले, हे त्यात दिसते. त्याची मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्यावी आणि एजन्सीला फक्त वापरण्याची परवानगी द्यावी.
• आपल्याच मोबाइलवर शोधून क्रमांक ठरवू नये. ठिकाणानुसार आणि आधीच्या वापरानुसार निकाल बदलतात. कोल्हापुरात वर दिसणारे पान पुण्यात खाली असू शकते.
• प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमची माहिती कुठून मिळाली?' हे विचारून वहीत एक रकाना भरावा. हा रकाना कोणत्याही अहवालापेक्षा जास्त सांगतो.

खर्चाचा हिशोब

खालील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापले आकडे घालून हा हिशोब करावा.

समजा, एजन्सीचे शुल्क दरमहा १५,००० रुपये आहे आणि करार आठ महिन्यांचा आहे. एकूण खर्च १,२०,००० रुपये झाला. पेटी, कुरिअर आणि तूट वजा जाता थेट विक्रीत सौद्यापेक्षा किलोमागे २५ रुपये जास्त सुटतात, असे धरू. तर फक्त हा खर्च भरून निघण्यासाठी ४,८०० किलो गूळ जादा थेट विकावा लागेल. उसापासून ११ टक्के गूळ उतारा धरला, तर हा सुमारे ४४ टन उसाचा गूळ झाला. एकरी ४० टन उत्पादन धरल्यास एक एकराहून जास्त ऊस केवळ एजन्सीसाठी गाळला, असा त्याचा अर्थ होतो.

आता एका ऑर्डरचा विचार करू. महिन्याला या प्रसिद्धीतून ३० नवे ग्राहक आले, तर एका ग्राहकामागे खर्च ५०० रुपये येतो. पाच किलोच्या पेटीमागे जादा सुटतात १२५ रुपये. म्हणजे त्या ग्राहकाने चार वेळा पेटी घेतली तर खर्च फिटतो आणि पाचव्या पेटीपासून फायदा सुरू होतो. म्हणून नवा ग्राहक मिळवण्याइतकेच आलेला ग्राहक टिकवणे महत्त्वाचे आहे. ओलसर गूळ, फुटलेली पेटी किंवा उशिरा दिलेले उत्तर यांमुळे दुसरी ऑर्डर येत नाही. ही गळती कोणतीही एजन्सी थांबवू शकत नाही.

सोशल मीडिया: खंडाने घेतलेली जमीन

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर काहिलीतील उकळी, वाफाळता पाक आणि साच्यातून निघणारी ढेप यांचे व्हिडिओ चांगले चालतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र ही जमीन आपली नाही, खंडाने घेतलेली आहे. मालकाने नियम बदलले की पीक तिथेच राहते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ज्यांचे सर्व प्रेक्षक तिथेच होते त्यांचा संपर्क एका रात्रीत तुटला.

म्हणून प्रत्येक व्हिडिओचा उद्देश प्रेक्षकाला आपल्या वहीत आणणे हा असावा. नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक ग्राहकाच्या संमतीने नोंदवावा, शेवटची ऑर्डर कधी होती ते लिहावे आणि या यादीची प्रत कागदावर ठेवावी. दोन लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओपेक्षा वर्षातून दोनदा गूळ घेणारी दोनशे कुटुंबे उत्पादकाला जास्त सांभाळतात.

प्रसिद्ध व्यक्तीकडून व्हिडिओ करून घेताना पैसे किंवा मोफत गूळ दिला असेल, तर 'जाहिरात' असा स्पष्ट उल्लेख हवा. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. उत्पादक आणि शिफारस करणारी व्यक्ती हे दोघेही त्यात येतात.

मजकुरातील दावे जपून करावेत

मजकूर एजन्सी लिहिते, पण पेटीवर नाव उत्पादकाचे असते. पुढील चार दावे प्रसिद्ध करण्यापूर्वी तपासावेत.

• केमिकल फ्री: रस साफ करताना चुना वापरला तरी तो रासायनिक पदार्थच आहे. सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे हायड्रॉस, वापरून रंग उजळ केलेल्या गुळाला हा शब्द लावणे तर सरळ खोटेपणा आहे. त्याऐवजी जे केले तेच लिहावे. उदाहरणार्थ, 'रस साफ करण्यासाठी भेंडीचा रस वापरला, हायड्रॉस वापरले नाही.'

• सेंद्रिय: हा शब्द एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया प्रमाणीकरणाशी जोडलेला आहे. प्रमाणपत्र असेल तर त्याचा तपशील पानावर द्यावा. नसेल तर ऊस कसा पिकवला याचे वर्णन करावे. 'सेंद्रिय' हा शब्द वजनदार वाटतो म्हणून वापरू नये.

• मधुमेहींसाठी सुरक्षित: गुळाचा मोठा भाग सुक्रोजचा, म्हणजे साखरेचाच असतो. त्यात खनिजे साखरेपेक्षा जास्त असली, तरी रक्तातील साखर गुळानेही वाढते. हा दावा वाचून कोणी पथ्य मोडले तर नुकसान त्याच्या प्रकृतीचे होते. आजार बरा करण्याचे किंवा टाळण्याचे दावे अन्नपदार्थाच्या जाहिरातीत करण्यास एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे.

• कोल्हापुरी: कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचे चिन्ह वापरायचे असेल, तर उत्पादकाने चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. परभागातील गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला जातो, ही इथल्या बाजाराची जुनी तक्रार आहे. ऑनलाइन विक्रीत तर दुकानही डोळ्यांसमोर नसते. त्यामुळे गाव, गुऱ्हाळ, उसाचा वाण आणि गाळपाची तारीख उघडपणे लिहिणारा उत्पादक वेगळा उठून दिसतो. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, तेव्हापासून या नावामागे गुळाच्या व्यापाराची पत उभी राहिली आहे. ती पत खोट्या मजकुराने खर्च करू नये.

स्वतः करता येण्यासारखी कामे

१) गूगल बिझनेस प्रोफाइल: हे मोफत आहे. गुऱ्हाळाचे नाव, नकाशावरील अचूक जागा, हंगामातील वेळ, फोन क्रमांक आणि खरी छायाचित्रे भरावीत. हंगाम संपल्यावर वेळ बदलावी, नाहीतर पुण्याहून आलेले कुटुंब बंद गुऱ्हाळाच्या दारातून परत जाते.

२) एक चांगले पान: वीस उसन्या लेखांपेक्षा स्वतःच्या कामाचे एक पान बरे. कोणता ऊस वापरतो, उदाहरणार्थ को ९२००५. काकवी साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला, ढेपेचा गूळ ११६ ते ११८ अंशांना आणि गूळ पावडर १२० ते १२२ अंशांना का उतरवतात? हायड्रॉस न वापरलेला गूळ गडद का दिसतो? पावसाळ्यात गुळाला पाझर का सुटतो आणि तो हवाबंद डब्यात कसा ठेवावा? ग्राहक हेच प्रश्न फोनवर विचारतात. त्यांची उत्तरे आपल्या गुळव्याकडे आहेत, एजन्सीकडे नाहीत.

३) ग्राहकाचे शब्द: शुद्ध शब्द 'गूळ' असला तरी अनेक जण 'गुळ' असे टाइप करतात. मुंबई-पुण्याचा ग्राहक 'जॅगरी' शोधतो, हिंदी भाषक 'गुड' शोधतो आणि कोल्हापुरी गुळाची मोठी बाजारपेठ असलेल्या गुजरातचा ग्राहक 'गोळ' म्हणतो. हे शब्द मजकुरात सहज येतील तेवढेच वापरावेत. एकच शब्द पन्नास वेळा लिहिल्याने फायदा होत नाही, वाचक मात्र कंटाळतो.

४) नोंदणी: एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, दर आणि पॅकिंगची तारीख पानावर ठळक द्यावी. अनोळखी ग्राहक प्रथम हेच पाहतो.

हंगामानुसार वेळापत्रक

• जून ते ऑगस्ट: पान तयार करावे. मागील हंगामाची छायाचित्रे आणि ग्राहकांचे प्रश्न एकत्र करावेत.
• सप्टेंबर: पान प्रसिद्ध करावे. गूगलच्या सूचीत येऊन जम बसण्यास काही महिने लागतात, त्यामुळे डिसेंबरात सुरुवात केल्यास संक्रांतीचा हंगाम हुकतो.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर: गाळप सुरू होताच व्हिडिओ टाकावेत आणि जुन्या ग्राहकांना कळवावे.
• डिसेंबर ते १४ जानेवारी: तिळगुळासाठी मागणी असते. जाहिरात करायचीच असेल तर थोड्या रकमेची याच काळात करावी.
• फेब्रुवारी ते एप्रिल: पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीच्या ऑर्डर घ्याव्यात.
• मे: वहीवरून हिशोब करावा. खर्च फिटला नसेल तर पुढील वर्षी तो थांबवावा.

एजन्सी नेमायचीच असेल तर

सर्वच एजन्सी फसव्या नसतात. चांगले काम करणारी मुले कोल्हापुरातही आहेत आणि ज्याला स्वतः वेळ नाही त्याने मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र पुढील बाबी लेखी घ्याव्यात.

• संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, उत्पादकाच्या नावावर नोंदलेले असावे. ते एजन्सीच्या नावावर असेल, तर करार मोडताना सातबारा दुसऱ्याच्या हाती असल्यासारखी अवस्था होते.
• फेसबुक, इन्स्टाग्राम आणि बिझनेस प्रोफाइलचे मूळ मालक आपण असावे.
• जाहिरातीवर प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम आणि एजन्सीचे शुल्क वेगवेगळे दाखवावे.
• पहिला करार तीन महिन्यांचाच करावा. एका महिन्याची सूचना देऊन बाहेर पडता यावे.
• प्रत्येक मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी आपल्याला दाखवावा.
• अहवालात क्रमांकाऐवजी आलेले फोन, ऑर्डर आणि परत आलेले ग्राहक असावेत.

या सहा अटी ऐकून समोरच्याने विषय बदलला, तर निर्णय सोपा होतो.

पहिल्या वर्षी एजन्सीशिवाय प्रोफाइल, एक पान आणि ग्राहकांची वही एवढेच करून पाहावे, असा माझा सल्ला आहे. नवीन वाण आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो, सगळ्या रानात लावत नाही. ऑनलाइन प्रसिद्धीलाही तोच नियम लावावा आणि मे महिन्यातील हिशोबानंतरच क्षेत्र वाढवावे.